न भरलेल्या जागा

1886 साली रत्नागिरीच्या वाट्याला दोन वनवास आले. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि त्याच साली इथलं मनोरुग्णालय सुरू झालं. राजावर नजर ठेवायला सरकारने अधिकारी नेमले, पुढे त्याला वाडा बांधून दिला. 1916 साली तो इथेच वारला. दुसऱ्या वनवासाची माणसं अजून येतात. तळकोकणातून, आंबा घाट उतरून, कुणाचा तरी हात धरून.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांत रत्नागिरीचं सगळ्यांत लहान, 365 खाटांचं. खाटा मोजता येतात. मला दुःख आहे ते खाटेशेजारी नसलेल्या माणसाचं.

मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. इथे दुखणं दिसतं ते समोर बसलेल्या माणसालाच, आणि तेही तो पुरेसा वेळ बसला तर. कोण कुठल्या आवाजाला दचकतो, कुणी परवापासून ताट बाजूला सारलं, कोण गोळी जिभेखाली दडवतो, हे सगळं केसपेपरवर मावत नाही. ते सिस्टरच्या, कक्षसेवकाच्या मनात वर्षानुवर्षं साठतं आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर जातं. जागा रिकामी राहते. भरलीच तर कंत्राटावर. नव्या माणसाला रुग्ण ओळखू लागेतो मुदत संपते. भ्यालेल्या जिवाला पुन्हा पहिल्यापासून विश्वास टाकायला सांगणं किती क्रूर आहे!

बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानंतर देशात लाख लोकांमागे एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ नाही, हे वारंवार सांगितलं गेलं. 2017 च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. पण हक्क ऐकून घ्यायला खुर्चीत कुणीतरी हवं ना? पहाटेची एसटी पकडून आलेली आई ओपीडीच्या रांगेत मनात बोलणं जुळवत असते. एकट्या डॉक्टरपुढे रांग दारापर्यंत गेलेली असते. तिच्या वाट्याला गोळ्यांची चिठ्ठी येते, बोलणं तसंच घरी परततं.

सगळ्यांत जास्त मला सलते ती समाजसेवा अधीक्षकाची रिकामी खुर्ची. बरा झालेला माणूस घरी जातो तो औषधाने नव्हे, या माणसाच्या खटपटीने. जुना पत्ता शोधायचा, ग्रामपंचायतीत फोन लावायचा, वहिनीची भीती ऐकून घ्यायची, भावाला पुन्हा पुन्हा समजवायचं, जमिनीचा वाद असेल तर तोही. कुणी हे केलं नाही, की बरी झालेली माणसंही वॉर्डातच म्हातारी होतात. आई असते तोवर निदान गणपतीला कुणीतरी विचारणारं असतं. ती गेल्यावर घरातलं अंथरूण दुसऱ्याचं होतं, रेशनकार्डावरचं नाव निघतं आणि त्या माणसाचं गाव फक्त त्याच्या बोलण्यात उरतं. ते बोलणं ऐकायचं काम ज्या पदाचं, ते मंजूर आहे, भरलेलं नाही.