खोताची भूमिका

शाळेच्या स्नेहसंमेलनात चरीच्या शेतकरी संपावरील नाटकात मला खोताची भूमिका मिळाली, तेव्हा मी रडलो होतो. मला कूळ व्हायचे होते. टाळ्या कुळालाच मिळणार होत्या.

अलिबागच्या खारेपाटातील कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले.

आज नट होण्याच्या धडपडीत निवडचाचण्यांतून रिकाम्या हाताने परतताना उमगते : जिंकलेल्या दुर्बळासाठी टाळ्या वाजवणे सोपे असते, निकाल अनिश्चित असताना पडीक शेताच्या बांधावर त्याच्याशेजारी उभे राहणे कठीण. मी टाळ्यांसाठी रडलो होतो. बाबासाहेबांनी टाळ्यांची वेळ येण्याआधीच बाजू घेतली होती.