सेगेस्ताच्या डोंगरावर

अब्बांची तीस वर्षे जहाजावर गेली. सिसिलीच्या किनाऱ्याजवळून ते कितीदा तरी गेले, पण बेटावर पाय ठेवायचा योग कधी आला नाही. म्हणून पलेर्मोला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांना सेगेस्ताला नेले. "नाटकाच्या पायऱ्या बघायला एवढा डोंगर?" ते कुरकुरलेच. गुडघे दुखतात त्यांचे. सुदैवाने पायथ्यापासून वरपर्यंत बस जाते.

बार्बारो डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटरांवर, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे थिएटर आहे. अर्धवर्तुळात दगडी बैठका आणि समोर मोकळे आकाश. रंगमंचामागची भिंत आता उरलेली नाही, त्यामुळे नजर थेट दऱ्या ओलांडून कास्तेल्लामारेच्या आखातापर्यंत जाते. अब्बा बैठकीवर टेकले आणि बराच वेळ त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिले. गुडघ्यांचे नाव नाही! पलीकडच्या टेकडीवर छत्तीस खांबांचे देऊळ आहे, पण ते पूर्ण झालेच नाही, त्याला छप्परही नाही. सगळे प्रवासी त्याचेच फोटो काढत होते.

मला मात्र थिएटरच्या जवळच दुसरे काही पाहायचे होते. तिथे बाराव्या शतकातल्या मशिदीचे अवशेष आहेत. लांबट दालनाच्या बुटक्या भिंती, आणि किबल्याच्या भिंतीत मिहराबचा लहानसा कोनाडा. बस्स, एवढेच. माहीत नसेल तर माणूस तसाच पुढे निघून जाईल.

इसवी सन 827 मध्ये मुस्लिम फौज मझाराला उतरली. 1072 मध्ये पलेर्मो नॉर्मनांकडे गेले, तरी पश्चिम सिसिलीत मुसलमानांची गावे टिकून होती. या डोंगरावरचे गाव त्यांतलेच. हजहून परतताना मेस्सिनाजवळ जहाज फुटलेला अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर 1185 च्या सुमारास इथून जवळच्या अल्कामोत एक रात्र राहिला होता. तिथे त्याने बाजार आणि मशिदी पाहिल्या. पुढे तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीच्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला हलवले. शेजारच्या कालाताफिमी गावाच्या नावात मात्र 'कलअत' राहून गेला. आपला 'किल्ला' शब्दही त्याच अरबी मुळाचा.

"इथे शेवटची नमाज कुणी पढली असेल?" अब्बांनी विचारले. मी काय सांगणार?

जोहरची वेळ झाली होती. बाटलीतल्या पाण्याने वुजू केला. मोबाइलवर किबला पाहिला, तर तो आग्नेयेकडे. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करणाऱ्या अब्बांनी दोनदा खात्री करून घेतली. अवशेषांत पाय न ठेवता बाजूच्या गवतावर मुसल्ला अंथरून आम्ही मुसाफिरांच्या दोन रकात पढलो. पहारेकरी दुरून पाहत होता, काही बोलला नाही.

दुपारी समुद्रकिनारी जेवायचे ठरले होते. बसमध्ये बसताच अब्बा म्हणाले, "ते अल्कामो किती लांब आहे, विचार बरं." चालकाने हाताने दिशा दाखवली. जेवण मग आम्ही तिथेच केले.