यातलं तुमचं कुठलं?

रमजान जवळ आला की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी विषय काढतंच, "बाई, या वर्षी तरी मोहम्मद अली रोडला न्या." मी दरवर्षी टाळते. रमजानच्या रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते, हे एक. दुसरं म्हणजे, तरावीहच्या वेळी मशिदीच्या दारात मोबाइल उंचावून कबाबचे फोटो काढणारी गर्दी मला सहन होत नाही. आपला इबादतीचा महिना लोकांच्या लेखी खाण्याची जत्रा झाला आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात आपलीच माणसं पुढे आहेत.

म्हणून मी म्हटलं, डिसेंबरातल्या एखाद्या साध्या रविवारी या. चार जण तयार झाले: गणिताच्या बाई, इतिहासाचे सर, खेळाचे सर आणि ऑफिसातले क्लार्क. गणिताच्या बाई शुद्ध शाकाहारी. "मी नुसती बघायला येते," म्हणाल्या.

माझं लहानपण डोंगरीत गेलं, त्यामुळे रस्ता पायाखालचा. दुपारी अडीचला क्रॉफर्ड मार्केटच्या दारात जमलो. ही इमारत 1869 ची. दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे 'जंगल बुक' लिहिणाऱ्या किपलिंगच्या वडिलांची. हे सांगितल्यावर इतिहासाच्या सरांनी वही काढली आणि मला आपण गाइड झाल्यासारखं वाटायला लागलं. आत खजुरांचे ढीग बघून पुढे जामा मशिदीकडे आलो. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद आम्हा कोकणी मुसलमानांची, आमच्या जमातीने उभी केलेली आणि सांभाळलेली. आत वजूसाठी मोठा हौज आहे, त्यात मासे आहेत. लहानपणी मरहूम अब्बा मला बोट धरून ते मासे दाखवायला नेत. मशिदीबद्दल मी दोनच वाक्यं बोलले. सगळ्यांना खायची घाई होती, मलाही.

मिनारा मशिदीजवळ 1936 पासून चाललेलं सुलेमान उस्मान मिठाईवाला यांचं दुकान आहे. तिथून अफलातून घेतलं. मातीच्या पसरट वाटीतली फिरनी गणिताच्या बाईंनी चवीने खाल्ली. मालपुव्यात अंडं असतं, हे मी आधीच सांगून टाकलं. पाहुण्याला खाऊ घालताना त्याचा विश्वास मोडता कामा नये, हे अब्बांचं सांगणं. पुढे निहारीच्या वेळीही तेच केलं. या भागातली निहारी बहुतेक म्हशीच्या मांसाची असते, ज्यांना नको असेल त्यांनी चिकन घ्यावं, असं स्पष्ट सांगितलं. खेळाच्या सरांनी नळी मागवली, क्लार्कनी चिकन.

निहारी आम्ही भेंडी बाजारच्या नूर मोहम्मदीत खाल्ली. हे हॉटेल 1923 चं. इथे माझ्यातली उर्दूची बाई जागी झाली. 'नहार' म्हणजे दिवस, त्यावरून निहारी. रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि फजरच्या नमाजनंतर खायची. दिल्लीकडचा हा पदार्थ कष्टकऱ्यांना सकाळी दिवसभराचं बळ देणारा. दुपारी खाल्ला की मात्र झोप येते, हे त्यांनाही लवकरच कळलं. भेंडी बाजार या नावाचीही चर्चा झाली. इंग्रजांच्या 'बिहाइंड द बझार'चा तो अपभ्रंश, असं पुष्कळ जण सांगतात. मला भेंडीच्या झाडांची गोष्ट जास्त पटते. चिंचपोकळी, उंबरखाडी, फणसवाडी अशी नावं असलेल्या शहरात एक भेंडीचं झाड असायला काय हरकत आहे?

रस्त्यातच आम्हाला दुसरा एक गट भेटला. पंधरा-वीस माणसं, पुढे हात वर करून बोलणारा तरुण गाइड. "हेच खरं मुस्लिम जेवण," तो इंग्रजीत सांगत होता. त्याच्या मागची एक बाई बाकावर जेवत बसलेल्या म्हाताऱ्या हमालाचा फोटो काढत होती, आणि तो बिचारा पाठ फिरवून खात होता. मला राग आला. मी आमच्या लोकांना म्हणाले, "बघा, असं असतं." कुणी काही बोललं नाही.

बोहरी मोहल्ल्यात सगळं बदललंय. सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टच्या योजनेत साडेसोळा एकरांतल्या सुमारे 250 जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. काही उठले, काही अजून व्हायचे. गल्ल्या ओळखताना मीच दोनदा चुकले. रौदत ताहेरा मात्र जागच्या जागी, संगमरवरी भिंतींवर आतून अख्खं कुराण कोरलेलं. बाराहंडीची ओळख मी बाहेरूनच करून दिली: बारा हंड्यांत वेगवेगळे भाग, पाये वगैरे, रात्रभर शिजतात, सुरतेकडची रीत. बोहरा घरात एका मोठ्या थाळाभोवती सगळे बसतात, आधी मीठ चाखतात, मग गोड आणि मग तिखट, हेही सांगितलं. मावा जिलबी बुऱ्हाणपूरची, हेही. शेवटी 1887 पासूनच्या ताजमध्ये हाताने फिरवलेल्या साच्यातलं सीताफळाचं आइस्क्रीम घेतलं. बर्फ आणि खडेमीठ घालून लाकडी पिंपात भांडं फिरवतात. गणिताच्या बाईंनी दुसरी वाटी मागितली.

आणि वाटी खाली ठेवत अगदी सहज विचारलं, "निहारी दिल्लीची, हंडी सुरतेची, जिलबी बुऱ्हाणपूरची. बाई, यातलं तुमचं कुठलं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. यातलं आमचं काहीच नव्हतं. निहारी मी पहिल्यांदा खाल्ली ती कॉलेजात असताना, मैत्रिणीच्या घरी. आमच्या घरी तांदळाची भाकरी, सुकट, कोकम घातलेलं माशांचं सालन, नारळाच्या दुधातलं मटण. यातल्या एकाचीही पाटी वाटेत मला दिसली नव्हती. दीड-दोन तास मीही त्या गाइडचंच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलत होते. वर्गात मराठी शिकवणारी, घरी कोकणी बोलणारी मी, आपली ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा दुसऱ्यांची ताटं दाखवत फिरत होते.

माझी खाला डोंगरीत राहते, तिथून दहा-बारा मिनिटांवर. तिच्याकडे न्यायचं माझ्या मनात नव्हतं, कारण इमारत रिकामी करायची नोटीस आली आहे आणि दोन खोल्यांत सगळीकडे खोकी. खरं कारण लाज हेच. तरीही फोन केला. "पाच माणसं आहेत, खाला, जेवायला नाही, नुसती चहाला." ती म्हणाली, "विचारतेस काय, घेऊन ये."

रस्ता ओलांडताना डोक्यावर जे.जे. पूल होता. मी थांबून सांगितलं, 2002 मध्ये सुरू झालेल्या या पुलाचं खरं नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. माहीमला ज्यांची दर्गाह आहे ते मखदूमबाबा, सहाशे वर्षांपूर्वी कुराणावर अरबीत तफसीर लिहिणारे. "यांना कोकणचे म्हणायचे?" सरांनी विचारलं. हो, म्हटलं, नावातच आहे. पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगा, तो नेणार नाही. मीसुद्धा जे.जे. ब्रिजच म्हणते. इमामवाड्यातल्या 1860 च्या मुघल मशिदीच्या निळ्या फरशांसमोर आम्ही दोन मिनिटंच थांबलो. एरवी तिथे मी अर्धा तास बोलले असते.

खालाच्या जिन्यात मगरिबची अजान झाली. मी आतल्या खोलीत नमाजला उभी राहिले. सलाम फेरला तोवर बाहेर हसण्याचे आवाज. खालाने सकाळीच सांदणं केली होती, तीच ताटलीत मांडली होती, वर नारळाचं दूध आणि गूळ. गणिताच्या बाई ताटली हातात धरून म्हणत होत्या, "अहो, आमच्याकडे राजापूरला फणसाची सांदणं करतात! आजी करायची." खाला म्हणाली, "फणसाची आम्हीही करतो, पण आत्ता डिसेंबरात फणस कुठला?" मग दोघींचं सुरू झालं: तांदूळ कुठला घ्यायचा, रवा किती जाड, पीठ फुगायला हल्ली यीस्ट घालावं लागतं, चुलीवरची चव गॅसवर येत नाही. बाणकोट आमच्या खालाचं माहेर. तिची बोली आमच्या सरांना अर्धी कळत होती, राजापूरच्या बाईंना सगळी. "तुम्ही अगदी आमच्या गावच्या मुस्लिम शेजारणीसारखं बोलता," त्या म्हणाल्या. खाला म्हणाली, "शेजारीणच की मी."

खेळाचे सर एका खोक्यावर बसले होते. खोक्यावर 'काच' असं लिहिलेलं. खालाला ते दिसलं, पण ती काही बोलली नाही. मी त्यांना उठवलं.

निघताना खालाने उरलेली सांदणं स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा गणिताच्या बाईंच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "डबा उद्याच शाळेत देते यांच्याकडे."

"हिच्याकडे नको," खाला म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी मुंब्र्याला जाते. तिथे आणून द्या. आणि रिकामा आणू नका."

बाईंनी पिशवीतून पेन काढलं आणि पत्ता विचारला.