दुधाळ तेल

खोटें बोलण्याचा मला फारसा सराव नाहीं. म्हणूनच कीं काय, जेव्हां बोलतों तेव्हां हटकून सांपडतों. पण एका यंत्राच्या पोटांतल्या तेलानें माझ्याविरुद्ध साक्ष द्यावी, हा प्रकार मात्र मला अगदीं नवा होता.

परगांवचे लोक आमच्या सव गांवाला ऊन पाण्याच्या झऱ्यांमुळें ओळखतात. २२ जुलै २०२१ रोजीं मात्र सावित्रीचें थंडगार, गढूळ पाणी आमच्या नदीकांठच्या घराची ओटी चढून आंत आलें. महाडची बाजारपेठ त्याच पुरांत बुडाली, आणि त्याच दिवशीं तळीये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या दुःखाशेजारीं एका मोटारसायकलीची कथा सांगतांना संकोच वाटतो. पण माझी हकीकत तेवढीच आहे.

गाडी माझी नव्हे. धाकट्या भावानें पहिल्या पगारांतून शिल्लक टाकून घेतलेली ती जुनी यामाहा आर. एक्स. १००. तिचें उत्पादन १९९६ सालींच थांबलेलें, त्यामुळें त्याचा जीव तिच्यावर जरा जास्तच. तो मुंबईला गेला तेव्हां गाडी माझ्या स्वाधीन करून गेला. पुरानंतर फोन लागला तसें त्यानें बजावलें, "दादा, सगळें तेल काढल्याशिवाय किक मारूं नकोस." मी "बरें" म्हणालों.

तीन दिवस आम्ही चिखल उपसत होतों. धान्य गेलें, पुस्तकें गेलीं, घड्याळ बंद पडलें. चवथ्या दिवशीं मनांत आलें, घरांतली एक तरी वस्तु जिवंत आहे हें कानांनीं ऐकावें. प्लग काढला, किका मारून आंतलें पाणी उडविलें, पेट्रोल बदललें आणि प्लग पुसून बसविला. गाडी सुरू झाली! त्या फटफटाटानें मला इतकें बरें वाटलें कीं मी तिच्यावरून गांवाबाहेर बराच लांब जाऊन आलों. परततांना क्लच घसरूं लागला. दुसऱ्या दिवशीं मी गाडी ढकलत महाडला नेली.

मिस्त्री भावाचा शाळासोबती. त्याचें स्वतःचें दुकानही चिखलानें भरलेलें. त्यानें विचारलें, "मास्तर, पुरानंतर चालवली नाहीं ना?"

"छे! ढकलतच आणली आहे," मी म्हणालों. यांतलें दुसरें वाक्य खरें होतें.

या जातीच्या गाडींत पेट्रोलाबरोबर जळणारें तेल वेगळें आणि गिअरपेटींतलें तेल वेगळें. त्यानें पेटीखालचा बोल्ट सोडला. थाळींत उतरलें तें तेल नव्हतें, घट्ट दुधाचा चहा होता. मिस्त्रीनें तें कांचेच्या बाटलींत भरलें आणि फळीवरच्या दुसऱ्या एका बाटलीशेजारीं ठेवलें. त्या दुसरींत खालीं पाणी, वर काळें तेल आणि मध्यें दोऱ्यासारखी रेघ होती.

"ही पण पुरांतलीच गाडी. पण हिला कुणीं हात लावला नव्हता. बोल्ट सोडल्यावर आधीं नुसतें पाणी आलें, मग तेल. तुमचें घुसळलेलें आहे, मास्तर. गाडी ढकलून असें ताक होत नाहीं."

मी बाटल्यांकडे पाहत राहिलों. वर्गांत पोरांना मी नेमका असाच उभा करीत असें.

मिस्त्री पुढें कांहीं बोलला नाहीं. भल्या माणसाप्रमाणें त्यानें यंत्राकडे तोंड फिरविलें. पावसाळ्यांत झांकणाच्या आंतल्या अंगाला किंचित् पांढरा साका दिसला तर घाबरायचें कारण नाहीं, असें तो हात चालवतां चालवतां सांगूं लागला. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडींत हवेचा दमटपणा तिथें धरतो आणि लांबचा फेरा झाला कीं उडून जातो. सबंध तेलच दुधाळ झालें तर मात्र पाणी कुठून आलें तें शोधलेंच पाहिजे. पाण्यानें थंड होणाऱ्या नव्या गाड्यांत पंपाचें सील फुटूनही असें होतें. आमच्या गाडीच्या पेटीला हवा खेळायला बारीक नळी असते. ती पाण्याखालीं गेलेली, म्हणजे वाट उघडीच. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर दातेऱ्यांमध्यें टिकत नाहीं, आणि बेअरिंगला गंज धरतो तो डोळ्यांना दिसत नाहीं.

त्यानें क्लचच्या पट्ट्या बदलल्या. मग स्वस्तांतलें तेल घालून गाडी जरा तापवायची आणि तें काढून टाकायचें, असें तीनदां केलें. तिसऱ्या वेळीं तेल स्वच्छ उतरलें. शेवटीं चांगलें तेल घालून म्हणाला, "शंभर किलोमीटर झाले कीं दाखवा. पुन्हां पांढरें झालें तर पूर नव्हे, सील."

तें पांढरें झालें नाहीं.

गणपतींत भाऊ घरीं आला. हातपाय धुण्याआधींच गाडी काढून वेशीपर्यंत जाऊन आला. उतरल्यावर इंजिन चालूंच ठेवून तो खालीं वांकला आणि कान देऊन ऐकूं लागला.

"तिसऱ्या गिअरला घरघरते रे. मिस्त्री कांहीं म्हणाला नाहीं मला." मग माझ्याकडे पाहून त्यानें विचारलें, "दादा, तेल काढायच्या आधीं सुरू केली होतीस?"

"हो," मी म्हणालों. "बरीच लांब नेली होती."

त्यानें चावी फिरवून इंजिन बंद केलें.

"आणि मिस्त्रीला काय सांगितलेंस?"