सिगारेट न ओढता

सासूबाईंना फुप्फुसाचा कर्करोग झालाय असं सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "पण त्या कुठे सिगारेट ओढायच्या?" सिगारेट सोडाच, त्यांनी कधी मिश्रीही लावली नव्हती. लग्न होऊन पुण्याच्या शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळच्या वाड्यात आल्या आणि सगळा संसार तिथेच केला.

आधी नुसता कोरडा खोकला होता. थंडीचा, धुळीचा, वयाचा म्हणून सगळ्यांनी अंगावर काढू दिला. मग वजन उतरायला लागलं. एका दवाखान्यात एक्स-रेवर डाग दिसला आणि थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे टीबी इतका आहे की पहिला संशय त्याच्यावरच जातो. पण गोळ्या घेऊनही खोकला हटेना आणि पाठ दुखायला लागली. अखेर सीटी स्कॅन झालं, सुईने तुकडा काढून तपासला आणि निदान आलं, अ‍ॅडेनोकार्सिनोमा. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग बहुतेक वेळा याच प्रकारचा असतो.

कर्करोगतज्ज्ञ बाई "सिगारेट ओढता का?" एवढं विचारून थांबल्या नाहीत. "घरात कोण ओढायचं? स्वयंपाक कशावर व्हायचा? पाणी कशावर तापायचं?" असं विचारल्यावर सासूबाई बोलत्या झाल्या. पहाटे उठून तांब्याचा बंब पेटवायचा. पावसाळ्यात लाकडं दमट असायची, मग गोवरीचा तुकडा घालून, फुंकणीने फुंकून जाळ करायचा. न्हाणीघराला खिडकी नव्हती. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर, पुढे रॉकेलच्या स्टोव्हवर. गॅस फार उशिरा आला. मामंजींच्या बोटांत कायम सिगारेट असायची. रात्री माडीवर पत्त्यांचा डाव रंगला की त्या कोंदलेल्या धुरात चहा घेऊन जायच्या त्याही सासूबाईच.

एवढं सांगून त्यांनी हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का हो?" डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तुमचं काहीही चुकलेलं नाही."

नवऱ्याच्या धुराचा बायकोला धोका असतो, हे जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी 1981 मध्येच दाखवलं होतं. स्वतः न ओढणाऱ्या हजारो बायकांची त्यांनी वर्षानुवर्षं नोंद ठेवली होती. आज दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आणि घरात जाळलेल्या कोळशाचा धूर, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत निश्चित कर्करोगकारक म्हणून आहेत. घरातल्या लाकूडफाट्याचा धूर 'बहुधा' या गटात आहे. बाहेरची दूषित हवाही 2013 मध्ये निश्चित गटात गेली. सासूबाईंच्या बाबतीत यातलं नेमकं काय भोवलं, हे कोणीच सांगू शकत नाही. यातलं काहीही वाट्याला न आलेल्या बायकांनाही हा रोग होतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर फुप्फुसाच्या कर्करोगाचे निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. अशा रुग्णांच्या, विशेषतः बायकांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातला बदल पुष्कळदा सापडतो. सासूबाईंच्या गाठीतही तो सापडला. त्यामुळे केमोऐवजी रोज एक गोळी सुरू झाली. रोग बरा झाला नाही, पण आटोक्यात आला. त्या पुन्हा आपल्या पायांनी ओंकारेश्वराला जाऊ लागल्या.

पेठेतले वाडे पडले, बंब गेले. पण बंद फ्लॅटमध्ये रात्रभर डासांची कॉइल जळते, फोडणीचा धूर खिडकी लावून कोंडला जातो आणि दिवाणखान्यात कोणीतरी सिगारेट पेटवतंच. घरात कोणालाही ओढू देऊ नका, मग तो कितीही मोठा असो. घरातल्या बाईचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या, एक्स-रे काढा. टीबीच्या औषधांनी उतार पडत नसेल तर सीटी स्कॅनचा आग्रह धरा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तिने आयुष्यभर कोणकोणता धूर घेतला, ते तुम्ही आपणहून सांगा.