खायला चालतं, पेरायला नाही

लातूरच्या गंजगोलाईत जवस, तीळ आणि कारळं कधीही मिळतं. त्यांच्या चटण्या करून विकणं हा माझा धंदा. घरचंच स्वयंपाकघर, दोन मिक्सर, पिशव्या सील करायचं एक मशीन आणि मदतीला गल्लीतल्या दोन मावश्या. ऑर्डरी मोबाईलवर येतात. बहुतेक पुण्यात नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्याच पोरापोरींच्या.

तीन वर्षांपूर्वी हॉस्टेलमधली मैत्रीण अल्मोड्याहून भांगेच्या बियांची चटणी घेऊन आली. उत्तराखंडात ती घरोघरी वाटतात. बियांनी नशा होत नाही, नशेचा माल फुलोऱ्यात असतो. चव कारळ्याच्या जवळची, थोडी जास्त खमंग. भाकरीवर तेल घालून खाल्ली आणि वाटलं, ही आपल्याकडे चालणार. जवस, तीळ, कारळं यांच्या जोडीला चौथी चटणी करायचं ठरवलं.

आधी कायदा वाचला. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेल्या बिया आणि पानं त्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणून तर उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. आपल्या महाराष्ट्रात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो, पण बियांचं तसं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयनं भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. नशेच्या घटकाची मर्यादा किलोमागे मिलिग्रॅममध्ये ठरवून दिली. लेबलवर नशेकडे बोट दाखवणारं काही नको, हेही सांगितलं.

त्याच नोव्हेंबरात नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यातल्या मांजरमजवळ, एनसीबीनं एक ट्रक पकडला. आंध्रातून जळगावकडे निघालेला, आत १,१२७ किलो गांजा. आमचे काका नायगाव तालुक्यातच राहतात. दिल्लीतली अधिसूचना त्यांच्या गावात कोणी वाचली नाही, ट्रकची बातमी मात्र प्रत्येकाच्या फोनवर फिरली. माझी चटणी या दोन बातम्यांच्या मधोमध उभी राहिली.

पहिला प्रश्न नावाचा. इंग्रजी 'हेम्प'ला मराठीत काय म्हणायचं? 'डेक्कन हेम्प' म्हणजे आपली अंबाडी, जिची भाजी आपण ज्वारीच्या कण्या घालून खातो आणि जिच्या वाखाचे कासरे पोळ्याला बैलांसाठी वळतात. 'सन हेम्प' म्हणजे ताग. दोन्हींचा गांजाच्या झाडाशी काही संबंध नाही. 'अंबाडीचं बी' लिहिलं तर ते खोटं. 'गांजाचं बी' लिहिलं तर कोण घेणार? शेवटी 'हेम्प बियांची चटणी' असं लिहिलं. छपाईवाल्या दादांनी मजकूर वाचला, फोनवर शोधलं आणि कागद परत दिला. "ताई, उद्या पोलिस आधी माझ्या दारात येतील." त्यांना अधिसूचना दाखवली. ते म्हणाले, "हे तुम्ही मला दाखवताय. मी हवालदाराला कसं समजावू?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही नीट उत्तर नाही.

लेबल दुसरीकडून छापून आणलं. मग ऑनलाइन पैसे घेण्यासाठी जी कंपनी वापरत होते, तिनं खातं गोठवलं. कारण एका ओळीचं: प्रतिबंधित वस्तूंची विक्री. जवस-तिळाच्या ऑर्डरींचे पैसेही त्यातच अडकले. दिवाळीच्या तोंडावर मावश्यांची मजुरी उधारीवर दिली. एफएसएसएआयची नोंदणी, पुरवठादाराचा प्रयोगशाळेचा अहवाल, अधिसूचनेची प्रत, सगळं पाठवलं. एकोणीस दिवसांनी पैसे सुटले, पण ती चटणी यादीतून काढण्याच्या अटीवर. कुरिअरच्या काउंटरवरही तेच. 'हेम्प' शब्द दिसला की पार्सल बाजूला.

मोठ्यांना हे झेपतं. मुंबईची बॉम्बे हेम्प कंपनी २०१३ पासून या क्षेत्रात आहे, रतन टाटांनी तिच्यात पैसे गुंतवले होते. अशा ठिकाणी कागदपत्रांसाठी वेगळी माणसं ठेवता येतात. माझ्याकडे ती माणसं म्हणजे मीच, तेही रात्री भांडी आवरल्यावर.

गेल्या दसऱ्याला काका घरी आले. त्यांनी चटणी खाल्ली, बोटावर उरलेलं बी निरखलं आणि विचारलं, "हे आपल्याकडं पेरलं तर येईल का गं?"

"येईल की. पण पेरता येत नाही, काका. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर एक लाखापर्यंत दंड."

"म्हंजे खायला चालतंय, पेरायला नाही? मग हे बी आभाळातून पडलं का?"

ते उत्तराखंडातून आलं होतं. एनडीपीएसच्या कलम १४ नुसार सरकारला फक्त धागा आणि बी यासाठी या झाडाच्या लागवडीला परवानगी देता येते. उत्तराखंडानं २०१८ मध्ये असा परवाना दिला. अट अशी की झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्याच्या आत हवा. हिमाचलच्या मंत्रिमंडळानं २०२५ च्या सुरुवातीला कृषी विद्यापीठांमार्फत अभ्यासाला मंजुरी दिली. आपल्याकडे २०२१ मध्ये सोलापूरच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. कारण दिलं, कुठल्याच पिकाला भाव नाही. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं, आपण मीम बनवले. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात तेच सोयाबीन चार हजारांच्या आसपास जात होतं. हे आकडे शेजारी ठेवले की त्या अर्जाचं हसू येत नाही.

तरी मी काकांना 'हेच पीक तुम्हाला तारेल' असं सांगितलं नाही. ०.३ टक्के डोळ्यांना दिसत नाही. नशेचं झाड आणि धाग्याचं झाड बांधावरून सारखंच दिसतं, फरक प्रयोगशाळेतच कळतो. ज्या तालुक्यातून गांजाचे ट्रक जातात, तिथं पोलिसांनी शंका घेणं मी समजू शकते. परवानगी उद्या मिळाली तरी प्रमाणित बियाणं कोण देणार, नमुना कुठं तपासणार, मर्यादा ओलांडली तर उभं पीक नष्ट करायचा खर्च कोणाचा, हे आधी कागदावर यायला हवं. नाहीतर सोयाबीनमध्ये काकांचा फक्त पैसा जातो, इथं काकाच जातील.

पण हे कागदावर आणायचं काम सरकारचं आहे. ते होईपर्यंत कायद्याचा अर्थ छपाईवाला, कुरिअरचा मुलगा आणि पैशांच्या ॲपमागचं एखादं सॉफ्टवेअर लावत राहतं. भीती वाटली की तिघंही एकच अर्थ लावतात, 'नाही'. प्रत्यक्षात माझ्या चटणीवर बंदी कोणीच घातलेली नाही.

सध्या ती चटणी मी फक्त लातुरात, ओळखीच्या गिऱ्हाइकांना, हातोहात विकते. प्रत्येक पाकिटासोबत मराठीत लिहिलेला एक पानाचा कागद देते: हे काय आहे, कुठून आलं, कोणत्या नियमात बसतं. छपाईवाल्या दादांनाही त्यातला एक नेऊन दिला. त्यांनी तो घडी घालून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाले, "याच्यावर कोणाचा तरी शिक्का पाहिजे होता, ताई."