वनस्पती तूप आणि अर्धवट रोलबॅक

लहानपणी आमच्याकडे दिवाळी म्हणजे वनस्पती तुपाचा डबा. तूप संपलं की त्याच डब्यात तुळस! पुढे बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी ते तूप बंद केलं. आईने विचारलं, "अरे, तेलाचंच बनवतात ना ते? मग तेल चालतं आणि हे का नाही?" धड उत्तर देता येईना. म्हणून वाचत बसलो.

तेलाच्या लांबलचक रेणूत कार्बनचे काही दुहेरी बंध असतात. तिथे रेणूला बाक येतो, रेणू नीट रचले जात नाहीत, म्हणून तेल पातळ. त्या बंधांवर हायड्रोजन बसवला की तेल थिजतं. पण हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना सहजासहजी सोडत नाहीत. नुसता वायू तेलात सोडून काही होत नाही.

इथे निकेल येतं. १८९७ मध्ये पॉल साबातिए यांनी इथिलीन वायूवर हे करून दाखवलं (पुढे १९१२ चं नोबेल). १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मन यांनी द्रव तेलांसाठी पेटंटचा अर्ज केला. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू तुटतो आणि सुटे अणू धातूला धरून बसतात. शेजारी तेलाचा दुहेरी बंध येऊन टेकतो. पकड सैल असेल तर रेणू तुटत नाही, फार घट्ट असेल तर अणू सुटत नाहीत आणि जागा अडून राहते. निकेलची पकड बेताची.

गोम पुढे आहे. दोन्ही अणू एकदम बसत नाहीत. पहिला बसला की दुहेरी बंध एकेरी होतो आणि साखळी तिथे गर्रकन फिरू शकते. दुसरा अणू वेळेत मिळाला नाही तर पहिलाही निकेलकडे परत जातो. दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण कधी कधी उलट बाजूने. हेच ट्रान्स फॅट. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रान्झॅक्शन फसलं, रोलबॅक झाला, पण डेटा जसाच्या तसा परत आला नाही. आणि एरर मेसेजही नाही! अणू तेवढेच, तरी ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांना वितळतं आणि त्याचं ट्रान्स भावंड सुमारे ४५ ला.

सगळे बंध भरले तर तूप मेणासारखं कडक होतं, म्हणून कारखान्यात काम मुद्दाम अर्ध्यावर थांबवत. ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे.

बाबांच्या ब्लॉकेजचं खापर मी एकट्या तुपावर फोडणार नाही, सिगारेटी होत्याच. पण आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे अर्धवट कामाचा परिणाम."

यंदा शंकरपाळ्या साजूक तुपातल्या. तेही काही औषध नव्हे, म्हणून बाबांना मोजून चार.